ड्रमवर कोणाचं नाव

तमाम जनतेस या निवेदनाद्वारे कळविण्यात येते की, आकुर्डी येथील एका खोलीच्या घरात, पलंगाखाली मावत नसल्यामुळे पलंगावरच विराजमान झालेल्या एका मोठ्या ड्रमच्या पांढऱ्या कातड्यावर कोणाचे नाव रंगवावे, या प्रश्नाचा निकाल सलग तीन आठवडे लागू शकला नाही. या काळात सदर घरातील पती-पत्नी जमिनीवर झोपले. देशाच्या कारभारावर याचा काय परिणाम झाला ते ठाऊक नाही. माझी कंबर मात्र तेव्हापासून माझी राहिली नाही.

ही आणीबाणीच्या आधीची गोष्ट. मी तिशीच्या आत होतो, कारखान्यात लेथवर होतो आणि क्लॅरिनेट वाजवत होतो. क्लॅरिनेट मला देहूरोडच्या एका म्हाताऱ्या निवृत्त लष्करी बँडवाल्याने शिकवलं. त्याला दात नव्हते, त्यामुळे कसं फुंकायचं हे तो हाताने दाखवायचा आणि मी अंदाजाने फुंकायचो. हळूहळू आमच्याच कारखान्यातले, माझ्यासकट आठ जण जमले. कोणी ट्रंपेटवाला, कोणी झांजवाला. मोठ्या ड्रमवर प्रेस शॉपमधला माझा मित्र. त्याच्या डाव्या करंगळीचं वरचं पेर नव्हतं. जेवणाचा भोंगा झाल्यावरही आणखी दोनच ठोके मारू म्हणून तो प्रेसवर थांबला होता, आणि ते पेर तिथेच राहिलं. तेव्हापासून भोंगा वाजला की त्याचे दोन्ही हात आपोआप वर जात, पोलिसाने बंदूक रोखल्यासारखे. आम्ही त्याला हसायचो. पण खरं सांगायचं तर आमच्या सगळ्यांचंच तसं झालं होतं. भोंगा झाला की हात सुटायचा. हातात काय आहे हे हात विचारत नसे.

आमच्या कारखान्याचा भोंगा ओळखायला सोपा होता. आधी दोनदा खोकल्यासारखा अडखळायचा आणि मग एकदम वर चढायचा. शेजारच्या कारखान्याचा मात्र एका सुरात सरळ निघायचा, म्हणून आम्ही पहिली शिफ्ट सुटल्यावर रुळांच्या कडेच्या माळावर जमून त्यांच्या साडेचारच्या भोंग्याला सूर मिळवायचो. पेटी विकत घ्यायची ऐपत नव्हती, भोंगा फुकट होता.

आता मूळ संकटाकडे येतो.

त्या काळी पिंपरी-चिंचवडमध्ये लग्नं पुष्कळ होत, पण बँड पुण्याहून येई. माणसं इथे राहत, इथे कमावत, इथेच मुली उजवत, पण बँड म्हटलं की पुण्याला जाऊन विसार देऊन येत. "आमच्याकडे पुण्याचा बँड होता" हे सांगण्यातच अर्धं लग्न होतं. आमच्यासारख्या माळावरच्या बँडला कोण विचारणार? आम्ही स्वतःहून दोन घरी गेलो होतो. एका घरी म्हणाले, "भजनीमंडळ का?" दुसऱ्या घरी चहा दिला आणि पुण्याचा पत्ता विचारला.

अशात पुण्याच्या एका जुन्या बँडच्या मालकांनी निरोप पाठवला. तीन पिढ्यांची गादी. अंगठ्या, अत्तर, आणि बोलणं असं मऊ की माणूस नकार द्यायचा विसरून जावा. त्यांना चिंचवडच्या बाजूला शाखा काढायची होती. नाव त्यांचं, कोट त्यांचे, लग्नं ते मिळवून देणार. वाजवणारे आम्ही. इंग्रजीत याला काही भारदस्त शब्द असेल. आमच्यात त्याला नाव भाड्याने घेणं म्हणत.

"मास्तर," मालक मला म्हणाले. मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी मास्तर म्हणत होतं. "ड्रमवर आमच्या आजोबांचं नाव येईल. खाली बारीक अक्षरात शाखा चिंचवड. मग बघा, सीझन पुरणार नाही तुम्हाला."

आणि त्यांनी एक कोट माझ्या अंगावर चढवला. लाल, खांद्यांवर सोनेरी झालरी, छातीवर पितळी बटणांच्या दोन रांगा. मी आरशात पाहिलं आणि सॅल्यूट केला. आरशातल्यानेही मला केला. माझं निम्मं मत तिथेच विकलं गेलं.

उरलेलं निम्मं मित्राने अडवून धरलं. "म्हणजे राव, फुंकायचं आपण आणि नाव त्यांच्या आजोबांचं? आजोबा येणारेत का वाजवायला?"

"पण लग्नं मिळतील."

"आज ना उद्या आपल्यालाही मिळतील की."

"आज ना उद्या म्हणजे कधी?"

"ते मला काय विचारतोस, मास्तर तू आहेस!"

मालकांनी टाइप केलेला दोन पानांचा करार दिला. रोज दाढी, तंबाखू बंद, कोट इस्त्री करून परत, त्यांच्या यादीबाहेरचं गाणं नाही, दुसऱ्या कोणाच्या किंवा स्वतःच्या नावाने कुठेही वाजवायचं नाही. लगेच सही मागितली नाही. सभ्य माणूस. म्हणाले, "तीन आठवड्यांनी तुमच्याकडे एक लग्न आहे ना? आमचे कोट घालून वाजवा. मी स्वतः ऐकायला येतो. पसंत पडलं तर मांडवातच सही करू."

ते लग्न आम्हाला मिळालं होतं वडिलांमुळे. वडील, म्हणजे दादा, फाउंड्रीत होते. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या एका साताऱ्याकडच्या गृहस्थांच्या मुलीचं लग्न होतं, आणि मित्राचा मुलगा वाजवतो म्हणून त्यांनी आम्हाला बोलावलं. दादांनी आमच्यासाठी शब्द टाकला असेल असं कोणी समजू नये. दादा माझ्या बँडविषयी बोलतच नसत.

त्याचं कारण सांगितलं पाहिजे. आमचं गाव चाकणच्या पुढे सात-आठ मैलांवर. तिथे लग्न कोणाचंही असो, वाजवायचं आमच्या घराने. आजोबा सनई, दादा हलगी. सकाळपासून वाजवायचं आणि सगळ्यांचं जेवण उरकल्यावर, मांडवाच्या बाहेर, घरून नेलेल्या थाळीत जे पडेल ते खायचं. मग एका वर्षी आमच्या सगळ्या आळीने बसून ठरवलं, आजपासून वाजवणं बंद. त्या दिवशी दादांनी हलगी चुलीत घातली. ती नीट पेटलीही नाही, घरभर नुसता वास सुटला, असं आई सांगायची. पुढे दादा इकडे कारखान्यात आले. पहिल्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी ना भट्टीचं सांगितलं, ना साहेबांचं. सांगितलं ते कँटीनचं. "भोंगा झाला की समदे एकाच बाकड्यावं. कोन कोनाचा, इचारत न्हाई कुनी. वाढनारा सरळ वाढीत येतो." हे त्यांनी आईला तीनदा सांगितलं. मी लहान होतो, मला वाटलं कँटीनमध्ये गोड असणार.

अशा माणसाचा मुलगा बँड काढतो! मी सुरुवातीला चलाखी केली. क्लॅरिनेट हे पलटणीचं वाद्य आहे, लग्नाचं नव्हे, असं त्यांना पटवलं. मग घरात ड्रम आला. ड्रमला पलटणीचा म्हणणं अवघड होतं. दादांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली, बोटाने एकदा हलकेच टिचकी मारली, आवाज ऐकला आणि म्हणाले, "तू वाजव. तू मोठा हायेस. पर मला नगं इचारू."

हे "नको विचारू" मला सगळ्यात जास्त छळत होतं. ते ओरडले असते तर मी भांडलो असतो.

करार माझ्या बायकोने वाचला. ती सातवी पास होती आणि छापील कागदावर तिचा मुळीच विश्वास नव्हता. ती बोट ठेवून एकेक ओळ वाचायची, आणि अकराव्या कलमावर तिचं बोट थांबलं.

"अहो, हे वाचलंत?"

मी वाचलं होतं. न वाचल्यासारखं केलं. अकरावं कलम असं होतं: बँडच्या लोकांनी मांडवात बसू नये, वऱ्हाडाचे जेवण पूर्ण झाल्यावर मागील बाजूस भोजन करावे.

"पद्धत असते तशी," मी म्हणालो.

"कुणाची पद्धत?"

"म्हणजे, जुनी गादी आहे त्यांची."

"हे दादांना वाचून दाखवलंत?"

मी क्लॅरिनेट पुसायला घेतलं. ते आधीच स्वच्छ होतं.

"मी दाखवू?" ती म्हणाली.

"नको!" मी इतक्या जोरात म्हणालो की ड्रम घुमला.

त्यानंतरचे तीन आठवडे मी भयंकर काढले. सही केली तर हंगामभर काम, लाल कोट, मास्तर म्हणणारी माणसं. आणि दादांचा मुलगा मांडवामागे जेवायला बसणार, तोही स्वतःच्या सहीने. गावात निदान कोणी सही घेतली नव्हती. सही नाही केली तर एका लग्नानंतर बँड संपला, कारण पुढच्या लग्नाला बोलावणारं माणूस डोळ्यांसमोर नव्हतं. बाकी सात जणांनी माझ्या भरवशावर वाद्यं घेतली होती. लेथवर उभा राहून मी सही करायचो आणि नाही करायचो. त्या दिवसांत माझ्या हातून दोन शाफ्ट बिघडले. सुपरवायझर म्हणाला, "घरी बरं आहे ना?" मी म्हणालो, "घरी ड्रम आहे."

स्वतःचंच नाव द्यायचं ठरवलं तरी अडचण होती, कारण नाव कुठलं? यावर माळावर सभा भरली. प्रत्येकाने आपापल्या गावाचं नाव सुचवलं. आठ माणसं, आठ गावं. ट्रंपेटवाला रुसून निघून गेला आणि ट्रंपेट विसरला म्हणून परत आला. घरी येऊन बायकोला विचारलं तर ती भाकरी थापत म्हणाली, "भोंगा ठेवा. तसंही तुम्ही वाजवायला लागलात की माणसं घराबाहेर येतात."

मी चिडलो. रात्री ड्रमकडे बघत असताना लक्षात आलं, नाव वाईट नव्हतं. पण ते तिला सांगणं शक्य नव्हतं.

लग्नाचा दिवस उजाडला. ऐन मे महिना. चिंचवडच्या कामगार चाळींच्या मधल्या मैदानात मांडव होता, आमचा कारखाना हाकेच्या अंतरावर. आठही जणांनी रजा टाकली होती. लाल कोट जाड होते. उकाडा असा की आम्ही सगळ्यांनी आत फक्त बनियन घातले आणि गळ्यापर्यंत बटणं लावली. माझ्या बनियनला पाठीवर मोठं भोक होतं. ते कोणाला दिसायचा प्रश्नच नव्हता. करार कोटाच्या आतल्या खिशात ठेवला होता, पेनसकट.

पुण्याचे मालक वेळेवर आले आणि मांडवाच्या पुढच्या खांबापाशी खुर्ची टाकून बसले. दादाही आले होते. वाजवणाऱ्याचे वडील म्हणून नाही, मुलीच्या वडिलांचे मित्र म्हणून. स्वच्छ पांढरा सदरा, टोपी. ते पार मागच्या खांबाला टेकून उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघितलं, ते मांडवाच्या कापडाकडे बघत होते.

मुहूर्त सव्वाअकराचा. अक्षता पडल्या आणि आम्ही सुरुवात केली. सांगायला लाज वाटत नाही, आम्ही झकास वाजवलं. माझा मित्र ड्रमवर असा रंगला की नवरदेवाकडच्या दोन म्हाताऱ्या ठेका धरायला लागल्या. मालकांनी डोळे मिटले, मान डोलावली, आणि मग खिशातून शाईचं पॅड आणि रबरी शिक्का काढून मांडीवर ठेवला. मी ते बघितलं. पसंत पडलो होतो. आता नाही म्हणायला निमित्तही उरलं नव्हतं.

तोवर मांडवात पहिल्या पंगतीची तयारी झाली. पट्ट्या अंथरल्या, पत्रावळी मांडल्या, मीठ-लिंबू वाढून झालं. पंगत नवरदेवाकडच्या मंडळींची. पण नवरदेवाचे मामा मानाच्या टोपीवरून अडून बसले होते आणि त्यांच्यावाचून कोणी बसेना. आम्ही वाजवतच होतो. मालकांनी मला बोटाने खूण केली, हे गाणं संपलं की या.

गाण्याचं दुसरं कडवं सुरू होतं. मी डोळे मिटून वरच्या सुरावर चढत होतो. आणि पलीकडून आवाज आला. दोनदा खोकल्यासारखा अडखळला आणि एकदम वर चढला. बारा वाजले होते. जेवणाचा भोंगा.

बँड थांबला.

कोणी थांबवला नाही, तो थांबला. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर, एका सुराची शेपटी हवेत तशीच लोंबत. माझ्या मित्राचे हात वर गेले, मग त्याने ड्रम गळ्यातून काढून अलगद खाली ठेवला. ट्रंपेटवाल्याने ट्रंपेट काखेत मारलं. मांडवाच्या कोपऱ्यात पाण्याचं पिंप होतं. तिथे आमची रांग लागली, कारखान्यात लागते तशी, धक्काबुक्की न करता. हात धुतले आणि आठपैकी सात जण जाऊन पहिल्या पत्रावळींवर मांडी घालून बसले. झांजवाल्याने सवयीने शेजारच्याकडे सरकवायला मिठाचा डबा शोधला.

आठवा मी. हातावर गार पाणी पडलं तेव्हा मला जाग आली.

मांडव असा चिडीचूप झाला की भोंगा उतरताना शेवटचा घरघरला तोही ऐकू आला. वाढपी बादल्या घेऊन जागच्या जागी उभे. मामा टोपीचं विसरून पंगतीकडे बघत राहिले. "हे कोण बसले?" ते म्हणाले. बसलेल्या सातही जणांना आता कळलं होतं. त्यांचे कान कोटांइतके लाल झाले. पण उठलं कोणी नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. मास्तर मी होतो.

मालक उठून माझ्यापाशी आले. अजूनही आवाज मऊ. "मास्तर, उठवा त्यांना. अकरावं कलम. आत्ता उठवलंत तर मी काही पाहिलं नाही असं समजतो."

मी पंगतीकडे पाहिलं. माझ्या मित्राने बोटं पत्रावळीच्या कडेवर ठेवली होती, उजवीकडे पाच, डावीकडे साडेचार. मग मी मागच्या खांबाकडे पाहिलं. दादा आता कापडाकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते, अगदी सरळ, आणि त्यांचा चेहरा असा होता की जणू कोणी त्यांना चाकणच्या पुढे सात-आठ मैल नेऊन उभं केलं होतं.

मी कोटाची बटणं काढायला लागलो. हात ओले, बटणं पितळी, दोन रांगा. फार वेळ लागला. आयुष्यात एवढा वेळ कधी लागला नाही. मालक म्हणाले, "हे काय?" मी पुढच्या बटणाला हात घातला. कोट काढला, नीट घडी घातली, आतल्या खिशात करार आणि पेन तसेच होते. मी तो मालकांच्या हातात दिला. साऱ्या वऱ्हाडाला पाठीवरचं भोक दाखवत, बनियनवर चालत गेलो आणि मित्राच्या शेजारी रिकाम्या पत्रावळीवर बसलो.

मित्र पुटपुटला, "गेला राव आपला सीझन."

"गप बस," मी म्हणालो.

कोणी वाढेना. पहिला वाढपी भाताची बादली घेऊन माझ्यापासून दोन हातांवर उभा होता, एकदा मामांकडे बघत होता, एकदा मुलीच्या वडिलांकडे. आता आम्हाला उठवणार, आणि तेही दादांच्या देखत, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी पत्रावळीवरचं लिंबू मोजत बसलो. एकच होतं.

तेवढ्यात मागून आवाज आला. हा आवाज मी उभ्या जन्मात कुठल्या मांडवात ऐकला नव्हता, कारण मांडवात तो माणूस कधी बोलतच नसे. खांब सोडून, टोपी सारखी करत, पट्ट्या ओलांडत दादा पुढे आले, पंगतीच्या टोकाला धप्पकन मांडी घालून बसले, आणि वाढप्याकडे बघून, फाउंड्रीत भट्टीच्या आवाजावर ओरडतात तसे ओरडले:

"अवो, बघता काय नुस्ते? वाढा की! भोंगा झाला, ऐकू आला न्हाई व्हय?"